ओळखीचं पोट आणि अनोळखी पोट

पत्र

ताई, नोकरी सांभाळून वर्षभर मी घरून पदार्थ करून विकते आहे. सुरुवात केकपासून झाली, मग बिस्किटं, लिंबाचं लोणचं आणि आता लसूण घातलेलं तेल. फोनवरच्या मैत्रिणींच्या ग्रुपमधून ऑर्डरी येतात. गेल्या महिन्यात लसूण-तेलाच्या अकरा बाटल्या गेल्या, लोकांना फार आवडलं. आता एकीने वाढदिवसाला ताज्या क्रीमचा मोठा केक मागितलाय आणि एका ऑफिसातून रोजच्या दहा डब्यांची विचारणा आलीय. दीर म्हणतात, घरच्या स्वयंपाकाला कसली परवानगी, कोण येतंय बघायला! शेजारच्या काकू म्हणतात, परवान्याशिवाय विकणं गुन्हा आहे. लेबलवर मी ‘घरगुती, प्रिझर्व्हेटिव्ह नाही, मधुमेहींसाठी उत्तम’ असं लिहिते, ते चालेल ना? आमच्याकडे मांजर आहे, हेही सांगून ठेवते. नाव छापू नका.

उत्तर

सगळ्याची उत्तरं देते, पण आधी त्या अकरा बाटल्या. परवाना, लेबल, मांजर हे सगळं उद्यावर गेलं तरी चालेल. बाटल्यांचं आजच करायचं. ज्यांना दिल्यात त्या प्रत्येकीला फोन करा. मेसेज टाकून भागणार नाही, तो वाचायचा राहून जातो. बाटली उरली असेल तर चव न बघता टाकून द्यायला सांगा आणि पैसे परत करा. कुणाला डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, पापण्या जड होणं, गिळायला किंवा बोलायला त्रास, असं काही झालं असेल तर तडक दवाखान्यात जायला सांगा आणि ‘लसणाचं तेल खाल्लं होतं’ हे डॉक्टरांच्या कानावर घालायला सांगा.

घाबरवते आहे असं वाटेल. थोडं घाबरवायचंच आहे. लसूण जमिनीखाली वाढतो आणि मातीत क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असतात. ही बीजं उकळत्या पाण्यालाही दाद देत नाहीत. त्यांना मारायला दाबाखालची 121 अंशांची वाफ लागते. तुम्ही म्हणाल, मी तर लसूण तेलात परतून घेते. तेल दीडशे अंशांवर गेलं तरी पाकळीच्या आत पाणी आहे, आणि ते पाणी उडून जाईपर्यंत आतलं तापमान शंभराच्या वर फारसं जात नाही. बीजं टिकतात. मग आपण त्यांना हवं ते सगळं देतो: हवा बंद, आंबटपणा नाही, ओलावा आहे आणि ओट्यावरची ऊब. तिथे ती जागी होतात आणि विष तयार करतात. त्या विषाला ना वास, ना चव, ना रंग. 1985 साली कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये 36 जण अशाच, फ्रिजबाहेर ठेवलेल्या चिरलेल्या लसणाच्या तेलाने आजारी पडले होते. ते तेल घरगुती नव्हतं, बाजारातून बाटलीबंद आलेलं होतं. तेव्हा हे घरच्यांच्या हलगर्जीपणाचं दुखणं नव्हे, त्या पदार्थाचा स्वभावच तसा आहे.

आता दिरांकडे येऊ. त्यांचं वाक्य मी इतक्या घरांत ऐकलंय की ते पाठ झालंय. त्यात अर्धं खरं आहे. घरच्या स्वयंपाकाला परवानगी लागत नाही. पण तुम्ही आता घरचा स्वयंपाक करत नाही आहात. घरच्या जेवणात शिजवणारीला खाणाऱ्याचं पोट ओळखीचं असतं. कुणाला शेंगदाणा चालत नाही, कुणाचे दिवस भरत आलेत, कोण उरलेलं रात्री अकराला उभ्याउभ्या खातो, हे सगळं तुम्हाला माहीत असतं. काही बिघडलं तर सकाळी तुम्हालाच कळतं आणि भांडं तुम्हीच रिकामं करता. विकलेली बाटली दारातून बाहेर पडली की ती गाडीच्या डिकीत चार तास तापली का, ती पुढे कुणाला भेट गेली का, ती कुणाच्या आठ महिन्यांच्या बाळाच्या तोंडाला लागली का, यातलं काही तुमच्या हातात राहत नाही. घरून अन्न विकण्याचे जगभरचे नियम घेतलेत तर ते सगळे या एका गोष्टीभोवती फिरतात. ओळखीच्या पोटासाठी जे तुमच्या डोक्यात असतं, ते अनोळखी पोटासाठी कागदावर, लेबलवर आणि थर्मामीटरवर आणायचं.

‘कोण येतंय बघायला’ हे मात्र साफ चूक. बहुतेक ठिकाणी अधिकारी बघायला येतात तेच मुळी कुणीतरी आजारी पडल्यावर. तेव्हा ते पाहुणे म्हणून येत नाहीत.

आणि शेजारच्या काकू? त्या बऱ्याच अंशी बरोबर आहेत, फक्त ‘परवाना’ हा शब्द त्या सरसकट वापरतायत. तुम्ही कुठल्या देशातून लिहिताय ते पत्रात नाही, आणि इथेच सगळी गोम आहे, कारण एकाच केकला तीन देशांत तीन उत्तरं मिळतात. ब्रिटनमध्ये नियमितपणे अन्न विकायचं तर सुरू करण्याच्या निदान 28 दिवस आधी स्थानिक कौन्सिलकडे नोंद करावी लागते. ती फुकट असते आणि नाकारता येत नाही. पदार्थ कुठलाही असो, घर तपासायला माणूस येऊ शकतो. अमेरिकेत ‘कॉटेज फूड’ नावाचे कायदे आहेत आणि ते राज्याराज्याचे वेगळे. तिथे बहुतेक राज्यं आधी पदार्थच बघतात: फ्रिजबाहेर टिकणारा असेल तर घरून विका, फ्रिज लागत असेल तर सहसा नाही. कॅलिफोर्नियाने 2018 साली घरच्या स्वयंपाकघरातून गरम जेवण विकायचीही सोय करणारा कायदा केला, पण तो आपल्याकडे लागू करायचा की नाही हे प्रत्येक काउंटीवर, म्हणजे तिथल्या जिल्ह्यावर, सोडलं. भारतात अन्नसुरक्षेचा 2006 चा कायदा घरून विकणाऱ्यालाही अन्न व्यावसायिकच मानतो. उलाढाल छोटी असेल तर नोंदणी, मोठी असेल तर परवाना, आणि दोन्हींत मिळणारा 14 आकडी क्रमांक.

तेव्हा पहिलं काम: तुमच्या गावच्या किंवा शहरच्या अन्नसुरक्षा कार्यालयाला चार प्रश्न विचारा. मला नोंदणी लागते की परवाना? माझ्या यादीतले कुठले पदार्थ घरून विकता येतात? कुणाला विकता येतात, म्हणजे थेट खाणाऱ्यालाच, की दुकानालाही, की कुरियरने दुसऱ्या राज्यातही? आणि लेबलवर काय काय लागतं? उत्तरं लेखी मागा. अधिकारी तोंडी ‘चालतंय हो’ म्हणाला आणि सहा महिन्यांनी त्याची बदली झाली, की ते ‘चालतंय’ त्याच्याबरोबर जातं.

‘पण मी फक्त ग्रुपमध्येच विकते’ असं म्हणू नका. पैसे घेतले की विक्री झाली, मग ती ग्रुपमध्ये होवो नाहीतर बाजारात. ‘मी विकत नाही, लोक खुशीने वर्गणी देतात’ हा त्याच्या पुढचा बहाणा. तोही मी ऐकलाय आणि तो कुठल्याही अधिकाऱ्यासमोर टिकताना बघितलेला नाही.

आता पदार्थांकडे. इथे मला जरा रेंगाळायचंय, कारण कार्यालयाच्या यादीत ‘हे चालेल, ते नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. ते का, हे कळलं नाही तर ती यादी लहरी वाटते. बिस्किटं हो, क्रीमचा केक नाही; लिंबाचं लोणचं हो, लसणाचं तेल नाही. यात लहर काही नाही. जंतूला वाढायला पाणी लागतं, फार आंबट चालत नाही, आणि ऊब लागते. या तिन्हींतलं एक तरी तुम्ही काढून घेतलंत तर पदार्थ तुमच्या बाजूने उभा राहतो.

पाणी म्हणजे नुसता ओलेपणा नव्हे, जंतूला वापरता येईल असं मोकळं पाणी. साखर आणि मीठ ते पाणी धरून ठेवतात. म्हणून जॅम हाताला ओला लागतो, पण जंतूच्या दृष्टीने ते वाळवंट असतं. हे मोजायचं एक माप आहे, त्याला वॉटर ॲक्टिव्हिटी म्हणतात. शुद्ध पाणी 1 आणि पूर्ण कोरडं 0. नियमांची रेघ साधारण 0.85 वर ओढलेली असते. त्याखाली रोगजंतूंना हातपाय पसरता येत नाहीत, बुरशी मात्र येऊ शकते. तुमची बिस्किटं या रेघेच्या खूप खाली आहेत, साधा केकही बहुधा सुखरूप बाजूला असतो. ताजं क्रीम तसं नाही: पाणी आहे, दूध आहे, आंबटपणा नाही. त्याला फ्रिजशिवाय कुणाचाच आधार नाही आणि तुमच्या दारापासून पार्टीच्या टेबलापर्यंत फ्रिज नाही. म्हणून तो केक यादीबाहेर.

आंबटपणाचं माप पीएच. इथली रेघ 4.6. त्याखाली, म्हणजे जास्त आंबट बाजूला, बोट्युलिनमची बीजं जागी होत नाहीत. लिंबाचं लोणचं म्हणूनच निभावतं. पण ‘लोणचं’ हा शब्द म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नाही. गाजराचं, फ्लॉवरचं, लसणाचं लोणचं घातलंत तर आंबटपणा तुम्ही बाहेरून घालणार, आणि तो पुरेसा झाला की नाही हे जिभेला कळत नाही, कारण साखर आणि तिखट जिभेला फसवतात. पीएचचं माप चढत्या गुणाकाराचं आहे: 3.6 म्हणजे 4.6 च्या दहापट आंबट. त्यामुळे ‘थोडंसंच तर कमी पडलं’ असं इथे नसतं. जाणकार उत्पादक 4.2 च्या आसपास किंवा खाली राहतात, म्हणजे मोजमापातली चूक पोटात घेता येते. कागदी पट्ट्या मसाल्याच्या रंगात गोंधळ करतात. छोटा पीएच मीटर घ्या, वापरण्याआधी 4 आणि 7 च्या द्रावणांवर तो जुळवा. मोजायचं ते लोणचं घातल्याबरोबर नव्हे, फोडींच्या पोटापर्यंत आंबट मुरल्यावर. निदान एक दिवस जाऊ द्या, मग फोडी आणि रस एकत्र वाटून मोजा. वरचा रस आंबट आणि फोडीचा गाभा नाही, असं सहज होतं.

आणि ते तेल! ‘वर बोटभर तेल आहे, काही होत नाही’ हे आपण इतक्या वेळा ऐकलंय की त्याला नियमाचाच दर्जा मिळालाय. तेलाचा थर बुरशीला अडवतो, कारण बुरशीला हवा लागते. बोट्युलिनमला हवा नकोच असते. त्याच्यासाठी तेल म्हणजे पांघरूण. लोणचं राखतात ते आम्ल आणि मीठ. आम्ल काढून नुसतं तेल ठेवलंत की तुमच्या अकरा बाटल्या तयार होतात.

तिसरी ऊब. जागतिक आरोग्य संघटनेने घरच्या स्वयंपाकासाठी जे पाच सोपे नियम सांगितलेत त्यात हा आकडा आहे: 5 ते 60 अंश सेल्सिअस हा धोक्याचा पट्टा. गरम अन्न 60 च्या वर, थंड 5 च्या खाली, आणि शिजलेलं अन्न मधल्या पट्ट्यात दोन तासांहून जास्त नाही. शिजताना गाभ्यात 70 अंश यायला हवेत. हे हाताला कळत नाही, काडीसारखा टोकदार थर्मामीटर लागतो. मी सुरुवातीला तो घेतला नव्हता, कारण वीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला काडी काय शिकवणार, असा तोरा होता.

तो तोरा कसा उतरला ते सांगते. मीही काही वर्षं घरून जेवण देत होते. एकदा मोठ्या ऑर्डरीसाठी आदल्या संध्याकाळी पातेलंभर सूप केलं, चांगलं बारा-चौदा लिटर. रात्री झाकण लावून तसंच्या तसं फ्रिजमध्ये ठेवलं आणि शांत झोपले. सकाळी वरून गार लागलं. डाव आत खोल घातला तर मधोमध चक्क कोमट! रात्रभर ते सूप बाहेरून फ्रिजमध्ये आणि आतून धोक्याच्या पट्ट्यात होतं. वास उत्तम, चव उत्तम. घरच्यांनी ‘पुन्हा उकळ, झालं’ असा सल्ला दिला. उकळून जंतू मरतात, पण काही जंतूंनी आधीच सोडलेलं विष उकळून जात नाही. हातावरच्या जखमेतून येणारा स्टॅफिलोकोकस आणि भातावर वाढणारा बॅसिलस सेरियस हे त्यातले नावाजलेले. ओतून दिलं सगळं. गिऱ्हाइकाला फोन केला, पैसे परत केले, बोलणी खाल्ली. पुढची ऑर्डर त्यांनी दिली नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

त्यानंतर मी गार करायची रीत शिकले: उथळ ताटांत दोन-तीन इंच थर, खाली बर्फाचं पाणी, मधूनमधून ढवळणं. अमेरिकेच्या अन्नसंहितेतला आकडा लक्षात ठेवायला बरा आहे. 57 अंशांवरून 21 अंशांवर दोन तासांत आणि तिथून 5 अंशांवर पुढच्या चार तासांत. त्या रोजच्या दहा डब्यांच्या ऑफिसला हो म्हणण्याआधी हा प्रयोग तुमच्या ओट्यावर, तुमच्या पातेल्यांत आणि तुमच्या फ्रिजमध्ये करून बघा. घरचा फ्रिज चार माणसांच्या उरलेल्या आमटीसाठी बनवलेला असतो.

स्पष्टच सांगायचं तर डब्यांचं काम मी आत्ता घेऊ नका म्हणेन. पदार्थ वाईट म्हणून नव्हे. नोकरी, केक, लोणचं आणि रोज सकाळी ठरल्या वेळी दहा गरम डबे, यात चुकायला जागाच उरत नाही, आणि गरम जेवणाला नियम सगळीकडे अधिक कडक असतात. सहा महिने टिकाऊ पदार्थांवर घडी बसवा, नोंदणी हातात येऊ द्या, मग बघा.

आता लेबल. ‘घरगुती’ लिहा, ते खरं आहे; अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत तर पदार्थ घरच्या स्वयंपाकघरात केलाय हे लिहिणं बंधनकारकच असतं. ‘प्रिझर्व्हेटिव्ह नाही’ हे खरं असेल तरच लिहा, म्हणजे तुम्ही वापरलेल्या तयार चॉकलेटमध्ये, सुक्या मेव्यात, बाटलीतल्या लिंबाच्या रसातही ते नसायला हवं. त्या बाटल्यांच्या पाठी वाचल्यात का? ‘मधुमेहींसाठी उत्तम’ मात्र आजच खोडा. आजाराशी जोडलेला दावा पुराव्याशिवाय करायला जवळजवळ कुठेच परवानगी नाही, आणि नसायलाच हवी. एखादे आजोबा तुमच्या त्या दोन शब्दांवर विसंबून दोन केक जास्त खातील, त्याचं काय करायचं?

त्याऐवजी लेबलवर जे हवं ते जरा कंटाळवाणं असतं: पदार्थाचं नाव, वजनाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, केल्याची तारीख, कधीपर्यंत खावा, कसा ठेवावा, तुमचं नाव-पत्ता, नोंदणी क्रमांक असेल तर तो आणि बॅच. मिश्र घटकांचीही फोड करायची. ‘बिस्किटाचा चुरा’ लिहून भागत नाही, त्या बिस्किटात काय काय होतं तेही हवं. मध घातला असेल तर एक वर्षाखालच्या बाळाला देऊ नये हे लिहाच. बाळाच्या आतड्यात बोट्युलिनमची तीच बीजं रुजू शकतात.

सगळ्यात महत्त्वाची ओळ ॲलर्जीची. ब्रिटनमध्ये चौदा घटक ठळक अक्षरांत सांगावे लागतात, अमेरिकेत नऊ. तिथला नववा, तीळ, 2023 पासून यादीत आला. दूध, अंडं, शेंगदाणा, काजू-बदामासारखी कवचाची फळं, गहू, सोया, मासे, कोळंबीसारखे कवचाचे प्राणी हे जवळपास प्रत्येक यादीत सापडतील. ब्रिटनमध्ये 2016 साली पंधरा वर्षांची एक मुलगी विकत घेतलेलं सँडविच खाऊन दगावली. तीळ पावाच्या पिठातच मळलेले होते, दिसत नव्हते, आणि वेष्टनावर त्यांचा उल्लेख नव्हता. तेव्हाच्या नियमांत तो करायची सक्तीही नव्हती. 2021 च्या ऑक्टोबरपासून तिच्या नावाने ओळखला जाणारा नियम तिथे लागू झाला: विकण्याच्या जागीच बांधून ठेवलेल्या पदार्थावरही पूर्ण घटक आणि ॲलर्जीचे घटक हवेत. म्हणून तुमच्या स्वयंपाकघरात शेंगदाण्याचं कूट असेल तर शेंगदाणा नसलेल्या केकच्या लेबलवरही ‘याच स्वयंपाकघरात शेंगदाणे हाताळले जातात’ असं लिहा. आणि ते लिहिलं म्हणून चमचा पुसून वापरायची मुभा मिळत नाही. वेगळा चमचा, धुतलेला ओटा, आणि बिनदाण्याचं आधी करायचं.

तारखेबद्दल एक. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्यानंतर चव उतरेल; ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊच नका. या दोन वेगळ्या तारखा आहेत आणि घरून विकणारे त्या सर्रास एकमेकींच्या जागी टाकतात. तारीख अंदाजाने टाकू नका. प्रत्येक बॅचमधली एक बरणी स्वतःजवळ ठेवा, ठरावीक दिवसांनी उघडून बघा, आणि लोणच्यासारख्या पदार्थाची एकदा तरी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या. खर्च होतो, पण एका पाककृतीसाठी एकदाच. मग मात्र ती पाककृती बदलायची नाही. आज लिंबं कमी मिळाली म्हणून रस कमी घातला, की तो तपासणीचा कागद त्या बरणीचा राहत नाही.

वही ठेवा. फार काही नाही: तारीख, पदार्थ, बॅच, घटक कुठून आणले, पीएच किंवा तापमान किती आलं, आणि कुणाला किती दिलं. आज त्या अकरा जणींना फोन करायला बसाल तेव्हा वही का हवी ते आपोआप कळेल. मला खात्री आहे, नऊ नावं चटकन आठवतील आणि दोनांपाशी अडाल.

स्वच्छतेचं तुम्हाला मी काय सांगणार? दोनच गोष्टी, ज्या चांगल्या सुगरणींकडूनही राहतात. उलट्या-जुलाब झाले तर थांबल्यापासून 48 तास विक्रीचं काही करायचं नाही, कितीही बरं वाटत असलं तरी. आणि ऑर्डरीचं काम चालू असताना घरचा स्वयंपाक त्याच ओट्यावर नाही. आधी एक, मग धुणं-पुसणं, मग दुसरं. कच्च्या मांसा-माशाच्या बाबतीत तर हे अजिबात मोडायचं नाही.

घर भाड्याचं असेल तर मालकाला, संकुलात असेल तर समितीला विचारा. घराचा विमा असेल तर त्यात व्यवसाय बसतो का ते वाचा, बहुधा बसत नाही. आपल्या मालाने कुणाला इजा झाली तर भरपाई देणारा वेगळा विमा मिळतो, त्याची चौकशी करा. मिळकत कराच्या हिशेबात दाखवा. यावर आणखी लिहिण्यासारखं फारसं नाही.

आता वाढदिवसाचा केक. मैत्रिणीला ‘नाही’ म्हणायचं जिवावर येतंय हे पत्रातून कळतं. नाही म्हणू नका, केक बदला. भरपूर साखरेचं लोण्याचं आयसिंग ताज्या क्रीमपेक्षा कितीतरी सोशिक असतं आणि अनेक ठिकाणी घरून विकायला चालतं, मात्र तुमच्या कार्यालयाला त्या आयसिंगच्या पाककृतीसकट विचारा. आत ताज्या फळांचा थर नको, जॅम चालेल. आणि नोंदणीचं उत्तर तोवर आलं नसेल तर केक करा, घेऊन जा आणि पैसे घेऊ नका. पाहुणी म्हणून नेलेल्या केकला कुणी नोंदणी विचारत नाही, आणि एखाद्या पार्टीपुरता दिरांचा मुद्दाही खरा ठरेल.

ता. क. मांजरीचं विसरले नाही. घरून विकायच्या नियमांत पाळीव प्राण्याचा उल्लेख बहुतेक ठिकाणी सापडतो. काही ठिकाणी पदार्थ करताना तो स्वयंपाकघरात नको एवढंच, काही ठिकाणी त्याहून कडक. तेही त्या चार प्रश्नांबरोबर पाचवं म्हणून विचारून टाका. तोवर स्वयंपाकघराला दार असेल तर ते लावा, नसेल तर बसवून घ्या. आणि रात्री ती ओट्यावर चढत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर एकदा झोपण्याआधी ओट्यावर थोडं पीठ भुरभुरवून ठेवा आणि सकाळी बघा.